दसऱ्याचा रंग आणि गळका ट्रॅक्टर

आजोबांनी घेतलेला आमचा जुना ट्रॅक्टर नव्वदच्या दशकात शेत कमी नांगरायचा आणि अंगण तेलानं जास्त भिजवायचा. नांगर उचलणाऱ्या लिफ्टच्या दांड्यापाशी तेल पाझरायचं आणि उचललेला नांगर हळूहळू खाली बसायचा. चालवायचे माझे धाकटे काका. त्यांचा जीव ट्रॅक्टरवर आणि अक्कल गावच्या कट्ट्यावर गहाण.

कट्ट्यावर शहाण्यांना काय तोटा! कुणी सांगे साबण चोपडा, कुणी सांगे सायकलची ट्यूब गुंडाळा. काका सगळं करायचे. शिरोलीतून तेल अडवणारी नवी रबरी सीलं आणून बसवायचे, तीही महिनाभरात गळायची. दसऱ्याला मात्र अवजारांच्या खंडेपूजेआधी ऑइलपेंटचा डबा उघडून त्या म्हाताऱ्याला नखशिखांत लाल लेप द्यायचे, जुन्या थरावर नवा. नटबोल्टसुद्धा दिसेनासे झाले होते. वर गाव कौतुक करायचं, त्याची मला जास्त चीड यायची.

एका साली ऊसलावणीच्या सऱ्या सोडताना लिफ्टनं मान टाकली. वडिलांनी ट्रॅक्टर सीमाभागातल्या एका शेतकऱ्याला विकायचा शब्द दिला. दसऱ्यानंतर तो न्यायला येणार होता. काका दोन घास खाऊन उठायला लागले. दसऱ्याला त्यांनी रंगाला हात लावला नाही.

"विकायचाच हाय, तर रंग कशाला?" म्हणाले.

पण लेकीला सासरी मळकी कशी धाडायची, म्हणून रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन घासायला बसले. लिफ्टच्या वरच्या बाजूला रंगाची जाड खपली निघाली आणि खाली बारीक भोक उघडं पडलं. आतली तापलेली हवा बाहेर पडायची ती वाट. आम्ही ती दर दसऱ्याला रंग फासून, वर हळदकुंकू वाहून बुजवत होतो, आणि कोंडलेली हवा सीलांतून तेल ढकलत होती. काकांनी भोक मोकळं केलं, पुन्हा नवी सीलं बसवली आणि दिवसभर नांगर उचलून ठेवला. खाली थेंब नाही.

"दादा, ह्यो गळत न्हाय की आता!" काका रडकुंडीला आले होते.

"पावण्याला शब्द दिलाय," वडील म्हणाले.

ट्रॅक्टर गेला. मला काकांची कीव आली, तरी राग गेला नाही.

पुढच्या दसऱ्याला दारात नवा ट्रॅक्टर होता. काका रंगाचा डबा घेऊन आले, तशी काकी आडवी आली.

"आधी त्येला श्वास घिऊ द्या, मग माया करा."

काकांनी डबा परत माळ्यावर ठेवला. तो तिथंच वाळून गेला.