आधी टाप, मग ताट

केरबा नालबंद यायचा असला की शिवाजी पेठेतल्या संयोगिताच्या स्वयंपाकघरात उजाडतानाच वाटण सुरू व्हायचं. खोबरं भाजायचं, तीळ-खसखस भाजायची, पांढऱ्या रश्शासाठी काजू भिजत घालायचे. काजूही आजऱ्याचेच, कारण दुसरे घातले तर केरबाला पहिल्या घोटाला कळायचं. तिचे यजमान बाळासो स्वतः जाऊन मटण आणायचे आणि खाटकाला सांगायचे, "नालबंदासाठी हाय, नळी बघून दे." जावई आला असता तर एवढं झालं नसतं. जावई रुसला तर लेक समजूत काढते. नालबंद रुसला तर घोडी अनवाणी.

ही रीत सासऱ्यांच्या वेळेपासूनची. नालबंदाच्या पोटात आपलं अन्न असलं की त्याचा हात आपल्या घोड्यावर हलका चालतो, असं ते म्हणायचे. त्यांच्या काळी पेठेत नालबंद पुष्कळ होते आणि जेवण म्हणजे पिठलं-भाकरी. आता एकटा केरबा उरला होता, आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली घरं तीन. बाळासोंची लवंगी वरातीत नवरदेवाला घेऊन नाचायची. दोन गल्ल्या सोडून विजयसिंहांचा घोडा घोडागाडीच्या शर्यतीत पळायचा. आणि आकारामचं तट्टू रंकाळ्यावर पोरांना घेऊन फेऱ्या मारायचं. तिघांचा हिशेब एकच होता, केरबा आधी आपल्याकडं यावा. मग एका घरात मटण झालं की दुसऱ्यात मटण आणि वर खिमा व्हायचा.

केरबा ही आग विझू देत नसे. "विजयसिंहाच्यात रश्शाला तर्री झकास हुती," तो संयोगिताच्या पाटावर बसून म्हणायचा. "तुमी हात आखडता घेतलासा वैनी." एवढं ऐकलं की संयोगिता पुढच्या खेपेला तिखट वाढवायची.

फोन केला की तो "उद्या येतो" म्हणायचा, आणि त्याचा उद्या आठवड्याचा असायचा. आला की आधी पाटावर, मग कट्ट्यावर आडवा. उन्हं कलली की ढेकर देत उठायचा आणि घोडीखाली शिरायचा. एवढ्या जेवणावर माणसाला वाकवत नाही. ऐरण त्याच्या मोटारसायकलला बांधलेलीच राहायची. तयार नाल तो तसाच खुराला लावून बघायचा, आणि बसला नाही तर कानस घेऊन खूरच घासून नालाएवढं करायचा. पायताण होईना म्हणून पाय तासावा, तसं. मग घाईघाईनं खिळे मारायचा. एखादा आत जिवंत मांसात जायचा. घोडी कान पाडायची, केरबा तिच्या मांडीवर थाप मारून म्हणायचा, "नखरेल हाय."

दोन दिवसांनी लवंगी लंगडायची. डॉक्टर येऊन खिळा काढायचे, आठ-पंधरा दिवस पाय मिठाच्या पाण्यात. पुन्हा नाल, पुन्हा लंगडणं. केरबाचं निदान ठरलेलं होतं. "जन्माचंच खूर ठिसूळ हाय तिचं. माझ्या हातात काय न्हाय," तो नळी चोखत सांगायचा.

गेल्या वैशाखात तर लवंगी ऐन वरातीत, बिंदू चौकाच्या अलीकडं, पुढचा पाय उचलून उभी राहिली. हलगी वाजत राहिली, डीजे वाजत राहिला, आणि शेरवानीतला नवरदेव खाली उतरून चालत मांडवात गेला. त्याचा व्हिडिओ झाला. बाळासो महिनाभर तालमीत गेले नाहीत.

दिवाळी सरल्यावर ते एका सकाळी चहा घेता घेता म्हणाले, "निपाणीकडचा एक पावणा हाय. तुळशीच्या लग्नाआधीच्या ऐतवारी टेंपो घिऊन येतोय."

"कशाला?" संयोगितानं विचारलं, कळलं होतं तरी.

"लवंगीला न्यायला. वीटभट्टीवर घालणार हाय."

"विटा वाहायला? लंगडी?"

"विटा वाहायला कोण टापा बघतंय. लगीनसराई तोंडावर आली, संयोगिता. ही घोडी न्हाय चालायची. तिचं खूरच खोटं हाय."

लवंगी आली तेव्हा वर्षाचं शिंगरू होतं, आणि आल्या दिवशी सासूबाईंच्या दंडाला चावली होती. लवंगी हे नाव संयोगितानंच ठेवलेलं. घोडीचा गोठा स्वयंपाकघराला लागून होता. सकाळची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती खिडकीच्या गजाला नाक घासायची, आणि ती भाकरी तिचीच असायची. जिचं खूर ठिसूळ ती एवढी वर्षं नाचली कशी, हे संयोगिताला पटत नव्हतं. तिच्या मनानं घेतलं की दुसरा नालबंद शोधायचा.

मिळाला तो बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारणारा. आला, अंगणात पिशवी ठेवली आणि दोर सोडत म्हणाला, "चला, पाडा घोडीला." बैलाला आडवा पाडून पत्री मारतात, तेवढंच त्याला ठाऊक. लवंगीनं दोर बघितला आणि मागच्या पायानं पिशवी गटारापर्यंत पोचवली. त्या माणसानं हत्यारं गोळा केली आणि चहाही न घेता गेला.

मग तिला कागलच्या तात्यासोंचा घोडा आठवला. पांढराशुभ्र, जैन समाजाच्या रथयात्रेत पुढं चालणारा. तासन्‌तास डांबरावर चालतो आणि कधी लंगडला म्हणून ऐकलं नाही. त्यांचा नालबंद कोण, हे फोनवर विचारून कुणी सांगत नाही. चांगला नालबंद लोक चांगल्या मोलकरणीसारखा लपवतात. संयोगिता एसटीत बसली.

तात्यासो घरी नव्हते. त्यांच्या बायकोनं, अक्काताईंनी, तिला थेट तबेल्यात नेलं. "बघा की हात लावून. गरीब हाय."

संयोगितानं वाकून बघितलं. नाल खुराच्या कडेला कड मिळवून बसला होता. खिळ्यांची टोकं बाहेरून एका ओळीत, टीप घातल्यासारखी.

"कोण करतं हे, अक्काताई? पुण्यासनं येतं का कोण?"

"पुण्यासनं कशाला? तुमच्या कोल्हापूरचाच की. केरबा."

संयोगिता खाली बसायचीच राहिली. "आमचा केरबा?"

"व्हय. पैल्यांदा आला तवा जेवायला बसवलं. आमच्यात आमटी, भात, भेंडीची भाजी. ताट बघून त्याचा चेहरा असा पडला, जणू कुणी गेलंय." अक्काताई हसायला लागल्या. "तवापासनं भल्या सकाळी येतो, नुसता चहा घेतो. आमचे तात्यासो लई कडक. ऐरण काढायला लावतात, नाल तापवून ठोकून खुराच्या मापाचा करून घेतात. घोडा डांबरावर चालवून टापा ऐकल्याबिगर त्याला सोडत न्हाईत. आन झालं की हा पळत सुटतो. म्हणतो, काकी, निघतो, कोल्हापुरात जेवण वाट बघाय लागलंय."

ते वाट बघणारं जेवण कुणाच्या चुलीवरचं, हे संयोगिताला विचारायची गरज नव्हती. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून एकटीच हसली, आणि मग तिला असा राग आला की कंडक्टरनं तिकीट मागितलं तर त्याच्यावरच ओरडली. माणसाच्या हातात कला होती. ती आपण तिन्ही घरच्या बायकांनी मिळून रश्शात बुडवली होती.

घरी न जाता ती विजयसिंहांच्या बायकोकडं, तेजस्वीकडं गेली, आणि आकारामच्या अनुसयालाही तिथंच बोलावून घेतलं.

"उद्यापासनं नालबंदाला आधी जेवण न्हाय," ती म्हणाली. "आधी नाल, मग घोडं रस्त्यावर चालवायचं, टापा सारख्या पडल्या की मग ताट."

तेजस्वी वयानं लहान, पण व्यवहारात पक्की. "आन माझ्याकडनं उठून तो तुमच्याकडं आला, आन तुमी गपचिप वाढलं तर?"

"म्हणून तर तिघींनी एकदम करायचं."

"आमचं हे मला घराभाईर काढतील," अनुसया म्हणाली. "त्यांचं तट्टू बसून ऱ्हायलं तर."

"त्यांना सांगायचं कशाला? चूल कुणाची हाय?"

"चूल माझी, पर मटण ते आणतात की."

"आणू दे. फ्रिजमध्ये टाक. मटण काय उठून सांगायला जातंय व्हय?"

अनुसया हसली. मग अंबाबाईची शपथ झाली. शपथ सुटू नये म्हणून तेजस्वीनं तिघींना एकमेकींच्या हातावर साखरही ठेवायला लावली.

केरबा आला तो पाहुणा यायच्या आधीच्या बुधवारी. गाडी लावली, पाय धुतले, पाटाच्या जागेकडं बघितलं. पाट भिंतीला उभा होता. त्यानं नाक वर केलं.

"वैनी, आज वास न्हाय."

"वाटण तयार हाय केरबा भावजी. मटण धुऊन ठेवलंय. लवंगी गल्लीच्या टोकापर्यंत नीट चालून आली की कुकर चढतोय."

"म्हंजे?"

"म्हंजे आधी टाप, मग ताट."

केरबानं बाळासोंकडं बघितलं. बाळासोंनी बायकोकडं बघितलं. "अगं, असं कुठं असतंय? उपाशी माणसाला..."

"उपाशी न्हाईत ते. चहा आन बटर देतोय की आपण."

केरबानं खिशातनं फोन काढला आणि अंगणातच तेजस्वीला लावला. "वैनी, येऊ का जेवायला?" पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या भुवयांवरून कळलं. मग अनुसयाला लावला. तिचा आवाज तर फोनमधून बाहेर आला, "या की भावजी. तट्टाला नाल मारा, चालवा, वाढतोच."

"कट केलासा व्हय तुमी सगळ्यांनी," केरबा म्हणाला, आणि गाडीला किक मारून गेला.

बाळासो तापले. आता ऐतवारी पाहुण्याला लंगडं जनावरसुद्धा अनवाणी दाखवायचं का, त्यांनी विचारलं. पेठेत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणाले. संयोगिता कांदा चिरत राहिली. कान मात्र गल्लीकडं होते. केरबा रुसून खरंच गेला असता तर लवंगीचा टेंपो तिनंच बोलावल्यासारखा झाला असता.

पण पेठेत बाराच्या उन्हात असलं दुसरं जेवण कुठं मिळणार? केरबा खानावळीपर्यंत गेला असेल, फलकावरची थाळी बघितली असेल. घरचं वाटण आणि आजऱ्याचे काजू सोडून तिथं बसायला त्याची जीभ तयार झाली नसणार. गाडीचा आवाज परत गल्लीत आला तेव्हा बाळासो कट्ट्यावरून उठून उभे राहिले.

केरबा गाडीवरून उतरला. त्यानं दोऱ्या सोडल्या आणि ऐरण खाली उतरवली. या अंगणात ती किती वर्षांनी टेकली, ते बाळासोंनाही आठवेना.

उपाशी केरबा वेगळाच माणूस होता. तो चटकन वाकत होता. लवंगीचा पाय मांडीवर घेऊन त्यानं खूर आधी नुसतं बघितलं, अंगठ्यानं दाबून बघितलं, मग बेतानं तासलं. नाल तापवला, ठोकला, लावून बघितला, पुन्हा तापवला. ठोक्याला ताल होता. पुढचा डावा पाय धरल्यावर तो थांबला आणि हळूच म्हणाला, "हितं खूर घासून मीच खाल्लंय हिला." संयोगितानं ऐकलं, पण ऐकलं नाही असं केलं.

चारी पाय झाले. बाळासोंनी लगाम धरला आणि घोडी गल्लीत काढली. डांबरावर टापा पडू लागल्या. संयोगिता उंबऱ्यात डोळे मिटून उभी होती.

"मागचा उजवा," ती म्हणाली. "त्याचा आवाज बसका येतोय."

"वैनी, मला भूक लागलीय, आन तुमाला..."

"परत चालवा."

परत चालवली. या वेळी केरबानंही डोळे मिटले. मग सांडशी घेतली, मागचा उजवा नाल उपटला, कडेला दोन ठोके दिले आणि पुन्हा बसवला. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी होती. लवंगी तिसऱ्यांदा निघाली, आणि बाळासोंनी न सांगता ती दुडक्या चालीनं पळायला लागली. टापा एकसारख्या, हलगीवर टिपरी पडावी तशा, गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"चढवा कुकर," केरबा म्हणाला.

त्या दिवशी तो भाकऱ्या मोजून वाढायचं कुणाला सुचलं नाही इतका जेवला. दुसऱ्या दिवशी, रिकाम्या पोटीच, तेजस्वीच्या आणि अनुसयाच्या दारातही ऐरण वाजली. आता तो स्वतःच लोकांना सांगत होता, "जेवणाचं नंतर बघू, आधी चालवून दावतो."

गुरुवारी लवंगी लंगडली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी तर बाळासो तिला रंकाळ्यापर्यंत चालवून घेऊन आले.

ऐतवारी टेंपो आला. निपाणीचा पाहुणा खाली उतरला, लवंगीचे चारी पाय उचलून बघितले. म्हणाला, "लंगडी म्हणत हुता की. ही तर वरातीला नाचंल."

बाळासो चप्पल घालू लागले, मग काढू लागले. शेवटी म्हणाले, "ते आमच्या मालकिणीला इचारा. घोडी तिची हाय."

हे पेठेत भर अंगणात, चार माणसांसमोर पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. संयोगितानं पदर खोचला.

"लांबनं आलासा पावणं, जेवून जावा," ती म्हणाली. "टेंपो मात्र मोकळाच न्यावा लागंल."

पाहुणा पांढरा रस्सा दोनदा मागून प्याला. तो जेवत असतानाच बाळासो ओसरीवर फोनवर बँडवाल्याशी बोलत होते, आवाज चढवून, गल्लीला ऐकू जाईल असा. "व्हय, लवंगीच. तुळशीच्या लग्नानंतरचा पैला मुहूर्त आमचा. आन नवरदेवाला सांगा, घट्ट बसायचं."