पाच महिन्यांच्या खोट्या तारखा

"शेवटची पाळी कधी आली?" डॉक्टरांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "गेल्याच आठवड्यात. वेळेवर येते हो तिची."

डॉक्टर माझ्याकडेच बघत राहिल्या. रिपोर्ट त्यांच्यासमोर होते.

"नाही," मी म्हणाले. "पाच महिने आलेली नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मांडीवरच्या पिशवीचे बंद उगाच नीट करत बसली.

मी पंधराशे मीटर धावते. रत्नागिरीतच बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळी भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत सराव, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मैदान. राज्याची निवड चाचणी जवळ आली तसा मी सराव वाढवला आणि वजन उतरावं म्हणून रात्रीचा भात सोडला. वेळ सुधारायची ती बिघडतच गेली. झोप लागेना. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझ्या हातून काचेची ब्युरेट फुटली तेव्हा मी इतकी रडले, की मॅडमनी मला बाहेर नेऊन बसवलं आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

पाळी थांबली तेव्हा मात्र बरं वाटलं होतं. मैदानावरच्या सीनियर मुली म्हणाल्या, "सुटलीस की तू."

आमच्या घरी ते चार दिवस बाजूला बसायचं असतं. मागची खोली, वेगळी चटई, वेगळं ताट. आईला कळलं असतं तर तिने माझं धावणं बंद केलं असतं. म्हणून मी दर महिन्याला तारीख बघून बाजूला बसत राहिले. आणखी एक कारण होतं, ते मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. त्या चार दिवसांत घरात कोणी मला हाक मारत नसे. कॉलेजातून आलं की नुसतं पडून राहता यायचं.

डॉक्टर जे म्हणाल्या ते लिहून ठेवते, कारण माझ्यासारखी एखादी हे वाचत असेल. ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम म्हणजे शरीराला सावरायला वेळ न देता त्याच्याकडून काम घेत राहिलं की होणारा बिघाड. त्यात माझं खाणंही अपुरं. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, तो तळाला गेलेला. "खायला कमी आणि खर्च जास्त झाला, की शरीर आधी पाळी बंद करतं," त्या म्हणाल्या. "अशीच धावत राहिलीस तर हाडं कमजोर होतील. तीन महिने धावणं नाही. चाचणीही नाही."

मी मान हलवली. चाचणी तीन आठवड्यांवर होती.

घरी जाताना आई रागावली असेल, असं धरून मी रिक्षातून बाहेर बघत होते. मग ती हळूच म्हणाली, "दमलीस तर दमले म्हणून सांगायचं गो बाय. चटई काय, मी कधीही घातली असती."

मी तिथे रडले. रिक्षावाल्याने आरसा थोडा वळवला, त्याचे आभार मानायचे राहिले.

मैदानावरच्या कोच सरांना मी फोनवर सांगितलं. ते आधी चिडले, मग म्हणाले की रिपोर्टचा फोटो पाठव. चाचणीच्या दिवशी मी घरी होते आणि दिवसभर फोन बंद ठेवला. ते महिने सोपे नव्हते. रात्रीचा भात पुन्हा सुरू झाला, लोहाच्या गोळ्या, आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई. त्यांच्यासमोर पहिल्या दोन वेळा मी फक्त हो-नाही म्हणाले. त्यांनी ते चालवून घेतलं.

चौथ्या महिन्यात पाळी आली. मी आईला सांगितलं आणि सवयीने मागच्या खोलीत गेले. तिथे चटई नव्हती.

ती आईने स्वयंपाकघरात, खिडकीखाली घातली होती. गॅसवर पेज रटरटत होती. मी उंबऱ्याशीच थांबले.

"ये ना," मागे न बघता आई म्हणाली. "इथेच पड."