वसावा सिंगच्या विटा

आमच्या कोट सूजा गावात हवालदार वसावा सिंगचं नाव आता कुणी घेत नाही. मी घेतो, तेही इथे कागदावर. त्याच्यासाठी तोंड उघडायची वेळ आली तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. एकदा नाही, दोनदा.

मी नायक दित्त सिंग. वसावा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, आमच्याच वेहड्यातला आणि आमच्याच पलटणीतला. वेहडा म्हणजे गावाचं सांडपाणी जिथे येऊन थांबतं, तिथली आमची वस्ती. आम्ही मजहबी शीख, म्हणजे अस्पृश्यांतून शीख झालेले. गुरूने आम्हाला पोटाशी धरलं होतं असं सांगतात. गावच्या जाटांनी मात्र चपलांपाशी बसवलं. गुरुद्वारात प्रसाद मिळायचा, पण सगळ्यांचा झाल्यावर, आणि तोही हाताला हात लागू न देता वरून टाकलेला.

पायोनियर पलटणीत सगळे आमच्यासारखेच. खांद्यावर बंदूक, पाठीवर कुदळ. डोंगर फोडून रस्ता करायचा, कुणी आडवा आला तर कुदळ ठेवून लढायचं, लढाई संपली की पुन्हा कुदळ उचलायची. मग मागून बड्या पलटणी यायच्या, बँड वाजवत, आमच्याच रस्त्यावरून. वजिरीस्तानात एकदा वरच्या कड्यावरून गोळ्या येत होत्या आणि हा वसावा दोरी लावून रस्त्याचा उतार बघत बसला होता. मी ओरडलो, "हवालदार, डोकं खाली घ्या!" तर म्हणतो, "दित्त्या, गोळी लागली तर एक माणूस जाईल. उतार चुकला तर तोफा दरीत जातील. दोरी ताणून धर."

मी पोटावर पडून दोरी धरली. तो उभाच होता.

सन तेहतीसमध्ये पलटण मोडली. सरकारला खर्च कमी करायचा होता, आणि रस्ते तर करून झालेच होते. गरज सरो, वैद्य मरो. छावणीत आमचा साहेब भाषण करताना रडला. खरंच रडला. रडून झाल्यावर त्याने कागदांवर सह्या केल्या. बंदुका जमा झाल्या, मग कुदळी. वसावाच्या कुदळीचा दांडा तुतीचा होता, त्याने स्वतः तासलेला. भांडारवाला म्हणाला, "लोखंड सरकारचं. दांडा हवा तर घेऊन जा." बावीस वर्षांच्या नोकरीतून वसावा तो दांडा घेऊन घरी आला.

आणि आल्या आल्या त्याने वेडेपणा केला. पक्क्या विटांचं घर बांधलं.

वेहड्यात पक्कं घर कुणीच बांधत नसे, कारण पायाखालची जमीन आमची नव्हती. भिंती आमच्या, जागा मालकांची, म्हणजे जाटांची. त्यांचं डोकं फिरलं तर 'उचल आपल्या भिंती' म्हणायला ते मोकळे. म्हणून आम्ही मातीत राहायचो. माती गेली तर काय गेलं? वसावाने मात्र दोन खोल्या, खिडकी आणि पुढे ओटा काढला. त्याची बायको ईशर कौर रोज तो ओटा सारवायची. विटेचा ओटा कशाला सारवतेस, असं मी एकदा विचारलं. मला ती वीरा, म्हणजे भाऊ, म्हणायची. म्हणाली, "सवय आहे रे वीरा. आणि नजर नको लागायला."

नजर लागायची ती लागलीच. लंबरदार अतर सिंगने वसावाला बोलावून घेतलं. सारा वसूल करणारा आणि सरकारदरबारी गावाच्या वतीने बोलणारा तो माणूस, गावचा मालकच म्हणा. तो खाटेवर, वसावा समोर उभा, आणि मी दोन पावलं मागे. एवढं नीट लक्षात ठेवा. दोन पावलं.

"हवालदारा, सरकारसाठी बावीस वर्षं रस्ते केलेस," लंबरदार म्हणाला. "गावाने तुझं काय घोडं मारलंय? पावसात गाड्या आसापर्यंत रुततात आमच्या."

"रस्ता होईल, सरदारजी. मजुरी नको. फक्त माझ्या घराखालची जागा पटवाऱ्याच्या कागदावर माझ्या नावाने चढवा."

"बस, एवढंच? रस्ता पुरा होऊ दे, दुसऱ्या दिवशी पटवाऱ्याला बसवतो. जा, शब्द दिला."

परत येताना मी म्हणालो, "हवालदार, लिहून घ्या."

"शब्द दिलाय ना त्याने?"

"त्याने दिलाय म्हणूनच म्हणतो."

तो हसला. पलटणीत वरच्याने शब्द दिला की विषय संपायचा. साहेबाची सही असलेला कागद आम्ही एकदाच पाहिला, तो पलटण मोडल्याचा.

गहू काढून झाल्यावर कामाला सुरुवात झाली. वेहड्यातले पस्तीस-चाळीस गडी, त्यातले नऊ जुने पायोनियर. वसावा पहाटे शिट्टी वाजवायचा. रस्ता विहिरीपासून गुरुद्वारावरून, लंबरदाराच्या दारापुढून थेट कालव्यापर्यंत. आधी खोदाई, मग वीटभट्टीचा चुरा, वर खडी, दोन्ही बाजूंनी नाली. जाटांची पोरं बांधावर बसून ऊस चघळत बघायची.

"ओए फौजी, परेड कधी आहे?"

"चालूच आहे की," वसावा म्हणायचा. "तुम्ही बसा. बसलेल्यांची हजेरी घेत नाही मी."

अडीच महिने लागले. त्या गावात इतका खूश वसावा मी ना आधी पाहिला ना नंतर. रोज संध्याकाळी रस्त्यावर तांब्याभर पाणी ओतायचा आणि ते नालीत पळालं की बायकोला हाक मारून दाखवायचा. वेहड्याकडचा तुकडा तेवढा राहिला. लंबरदार म्हणाला, तुमचं नंतर बघू. आमचा चिखल आमच्यापाशी राहिला.

मग तहसीलदार रस्ता बघायला आला. लंबरदाराने नवी पगडी बांधली, दारापुढे सतरंजी अंथरली, दोन वेताच्या खुर्च्या मांडल्या. एक तहसीलदाराची, दुसरी अर्थात स्वतःची. आम्ही नालीपलीकडे उभे. तहसीलदार रस्ता चालून आला, बुटाच्या टाचेने दोन-तीन जागी ठोकून पाहिला आणि म्हणाला, "सरकारी रस्ते असे होत नाहीत हो. कुणी केला?"

"माझ्या गडीमाणसांनी, हुजूर. मी उभं राहून करून घेतला."

वसावा नाली ओलांडून पुढे गेला. छातीवर पदकं होती. सलाम ठोकून त्याने नाव सांगितलं, नंबर सांगितला, पलटण सांगितली. तहसीलदाराचा चेहराच बदलला. "तुमच्या लोकांनी केलेल्या रस्त्यावरून मी वजिरीस्तानात फिरलोय. बसा, हवालदार, बसा. ही नाली कशी काढली ते सांगा."

आणि वसावा बसला, त्या दुसऱ्या खुर्चीत.

पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. पाच मिनिटं असतील, नाहीतर सात. तो उताराबद्दल बोलत होता, तहसीलदार मान डोलवत होता, आणि लंबरदार अतर सिंग स्वतःच्या दारात, स्वतःच्या सतरंजीवर, उभा होता. तो हसत होता, पण ते हसू वाळलेल्या शेणासारखं नुसतं चिकटलेलं होतं. 

त्या संध्याकाळी ईशर कौर त्याला म्हणाली, "बसायची काय गरज होती? पाय मोडले होते का?"

"वरचा अधिकारी बस म्हणाला की बसायचं असतं."

"तो गेला घोड्यावर बसून. राहायचंय कुणाला इथे?"

वसावाला तिचं म्हणणं कळलंच नाही. बावीस वर्षं ज्या पलटणीत काढली, तिथे बस म्हटलं की बसत आणि ऊठ म्हटलं की उठत. कोण म्हणतंय आणि कुणासमोर, हे बघून ठरवायचं असतं, हे त्याला गावाने लहानपणी शिकवलं होतं. पलटणीने ते पुसून टाकलं. मला त्या पलटणीचा राग येतो तो याच गोष्टीसाठी. पुसलंत, तर निदान परत पाठवायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी पंचायत बसली. पटवारी नव्हता. लंबरदार म्हणाला, "ज्याला खुर्ची लागते त्याला आमची जमीन कशाला? एक काम कर, वसाव्या. माझे जोडे डोक्यावर घे, इथून घरापर्यंत चाल, आणि उद्यापासून बापासारखा गोठ्यात कामाला ये. राहा मग खुशाल."

"तुम्ही शब्द दिला होता, सरदारजी. रस्ता पुरा झाला की जागा माझ्या नावावर."

"मी? कुणी ऐकला?"

"दित्त सिंग तिथे होता."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला दोन लग्नाच्या मुली होत्या. माझं घर वेहड्याच्या टोकाला, त्याच मालकांच्या जमिनीवर. म्हैस त्यांच्याच बांधावर चरायची. ही कारणं मी सात वर्षं रोज मोजलीत, आणि रोज ती पुरेशी निघतात. रोज माझी मला शरम वाटते.

मी म्हणालो, "मी मागे होतो. मला नीट ऐकू आलं नाही."

वसावाने मला शिवी दिली नाही. त्याने नुसती मान हलवली, दोरी लावून उतार चुकलेला दिसला की हलवायचा तशी.

"साक्ष नाही," लंबरदार म्हणाला. "विटामातीचा मलबा तुझा, जमीन आमची. आठ दिवसांत उचल."

"उचलून कुठे टाकू?"

"तुझा आहे ना? टाक पाहिजे तिथे."

टाकणार कुठे? शेतजमीन विकत घ्यायला कायद्याने आम्हाला बंदी, आणि कुठल्याही गावात गेलं तरी पायाखाली मालक असणारच. वसावाने एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी वाजवली. कुणी आलं नाही. तो आणि ईशर कौर, दोघंच. त्याने तुतीच्या दांड्यात गावच्या लोहाराचं लोखंड बसवलं होतं. आधी छप्पर, मग चौकटी, मग भिंती. एक वीट फुटली नाही. प्रत्येकीचा गारा खरवडून ती थप्पीला लावायची. दुपारी मी मदतीला गेलो, तसं ईशर कौरने हातातली वीट ठेवून मला विचारलं, "का रे वीरा, कान बरे झाले?"

मी परत आलो. 

चौथ्या दिवशी त्याने वेहड्याच्या चिखलात दोरी लावली. जिथे लंबरदाराचा रस्ता संपत होता तिथून आत. चिखल उपसला, कडेने नाली काढली, माती ठोकली आणि आपल्या घराच्या विटा उभ्या घालायला लागला, एकीला एक चिकटून. लंबरदार कळताच धावत आला.

"हे काय चालवलंयस?"

"मलबा टाकतोय, सरदारजी. पाहिजे तिथे टाक म्हणालात. या वेळी सगळ्या पंचायतीने ऐकलंय."

लंबरदाराने दोन शिव्या हासडल्या आणि निघून गेला. वसावाने गल्ली पुरी केली. विटा नेमक्या माझ्या उंबऱ्याशी संपल्या. त्याने मोजून तसं केलं की विटाच तेवढ्या होत्या, हे मला कधी कळलं नाही. शेवटच्या विटेवर त्याने तांब्याभर पाणी ओतलं. पाणी नालीत पळालं. मग एक पत्र्याची पेटी, बायको आणि खांद्यावर दांडा, असा तो निघून गेला. पुढे लायलपूरकडे कुठल्याशा वीटभट्टीवर राबत होता म्हणतात. तिसऱ्या हिवाळ्यात तो तिथेच वारला.

मोठी लढाई सुरू झाली आणि सन एकेचाळीसमध्ये सरकारला आमची पुन्हा आठवण झाली. इथे तर वैद्य मेल्यावर गरज लागली! भरतीचा साहेब गावात आला. मजहबी पोरं हवीत म्हणाला. पावसाचे दिवस, सगळीकडे चिखल, कोरडी गल्ली एकच. साहेबाचं टेबल आमच्या वेहड्यात लागलं, माझ्या दारापुढे.

साहेबाने बुटाच्या टाचेने विटा ठोकल्या. "इतक्या पावसातही पाणी कसं साचत नाही? कुणी घातल्या?"

"गावाने घातल्या, हुजूर," लंबरदार अतर सिंग म्हणाला. म्हातारा झाला होता, आवाज तोच.

साहेब माझी जुनी पदकं बघून म्हणाला, "नायक, तुम्ही तर पायोनियर. तुमच्या पलटणीच्या माणसाचाच हात आहे हा, नाही का? या पोरांना दोन शब्द सांगा. अरे, नायकसाहेबांना खुर्ची द्या!"

खुर्ची आली. वेतानेच विणलेली. साहेब म्हणाला, "बसा." वेहड्यातली सगळी पोरं बघत होती. लंबरदारही बघत होता.

वसावाचं नाव तोंडात आलं होतं. नाव, नंबर, पलटण, तिन्ही. मी म्हणालो, "राहू द्या साहेब, मी इथेच ठीक आहे," आणि खाली बसलो, वसावाच्या विटांवर. त्या दिवशी अकरा पोरांनी भरतीच्या कागदावर अंगठे दिले.