पाठमोरे प्रफुल्लभाऊ आणि सिंकचं बटण

साउंडच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. गाडीतल्या वायरींसारखे ते आपोआप गुंतत जातात. एक ओढावा, तर चार बाहेर येतात!

पिपरी मेघेतल्या आमच्या ग्रुपमध्ये आम्ही तिघं. मी गाडी चालवतो आणि स्पीकर लावतो. प्रफुल्लभाऊ आमचे मालक आणि मुख्य डीजे. आधी बेंजो पार्टीत ढोलक वाजवायचे. तिसरी पल्लवी. ती एरवी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि लग्नसराईत आमच्याबरोबर डीजे. या दोघांचं भांडण एकाच बटणावरून. ते बटण म्हणजे सिंक! ते दाबलं की नव्या गाण्याची स्पीड मशीनच चालू गाण्याशी जुळवून टाकते. भाऊ हेच काम कानानं आणि बोटानं करतात.

पल्लवीला तिच्या वस्तीतली भीमजयंतीची मिरवणूक एकटीनं वाजवायची होती. लहानपणी ती ज्या मिरवणुकीत नाचली, तीच. भाऊंची अट एकच, "बटन सोड, मंग जयंती तुही!"

*

जाम गावाला एका ढाब्याचं उद्घाटन होतं. भाऊ आमच्याकडे पाठ करून चहा पीत बसले होते. पल्लवीनं गाणं बदललं आणि भाऊ तिकडूनच ओरडले, "बटन दाबलं!"

"भाऊ, तुम्ही तर पाह्यलंबी नाई!"

"पाह्याले कायले लागते? हातानं जुळवलं का मधी एखांदवेळा बोट लावा लागते. ते मले ऐकू येते. तुयं एकदम इस्तरी केल्यावानी गुळगुळीत!"

तेव्हापासून आम्ही त्यांची परीक्षा घ्यायचो. भाऊ पाठमोरे उभे राहायचे आणि बटण चालू की बंद ते सांगायचे. एकदाही चुकले नाहीत. दुसऱ्या साउंडवाल्यांना मी हे छाती फुगवून सांगतो. सांगणारच! असा कान आहे कोणाकडे?

*

आता कानाचं कौतुक सगळ्यांनाच असतं असं नाही. एका वरातीत भाऊ हेडफोन एका कानाला लावून, मान वाकडी करून पुढचं गाणं जुळवत होते. नवरदेवाचा मामा तरातरा आला.

"ओ भाऊ, फोनवर मंग बोलजा! वरात उभी हाय!"

*

पल्लवीची फजिती मात्र खरी झाली. गेल्या जयंतीला भाऊंनी तिला थोडा वेळ मशीनवर उभं केलं. तिनं एक जुनं भीमगीत लावलं. ते नुसत्या ढोलकीवर, एका बैठकीत म्हटलेलं. गायक रंगात आला की गाणं पळतं, दमला की मंदावतं. मशीनला तो ठेका समजेना. सिंकनं हिशोब चुकवला आणि गाणं सुसाट सुटलं.

पुढे नाचणारी एक म्हातारी जागच्या जागी थांबली. "काऊन वं पोरी, गाण्याच्या मांगं कुत्रं लागलं का?"

सगळे हसले. पल्लवीही हसली, पण परतताना गाडीत तेच गाणं मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. मला फार वाईट वाटलं.

*

बटणाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर पल्लवी मला गाडीतून उतरवेल! एका लग्नात शेजारच्या मंडपात बँड सुरू झाला. भाऊंना हेडफोनमध्ये काही म्हणजे काही ऐकू येईना. शेवटी हळूच म्हणाले, "पल्लवी, दाब तुयं बटन."

"काय म्हणता भाऊ? बँड वाजून राह्यला, ऐकू नाई आलं!"

"बटन दाब म्हणतो!"

"कोणतं बटन, भाऊ?"

"अवं माय, सिंक! सिंक दाब!"

तेव्हा कुठे तिनं दाबलं.

*

पण जयंती वाजवायची होतीच, म्हणून पल्लवीनं त्या बटणावर काळी टेप चिकटवली आणि घरी सराव सुरू केला. तिची आई शिवणकाम करते. एक दिवस मी डीजेची मशीन आणायला गेलो, तर मायलेकींची जुंपलेली.

"आई, शिलाई मशीन थोडी स्लो चालव नं! माया ठेका चुकून राह्यला."

"ब्लाउज उद्या द्याचा हाय. आता काय तुया गाण्यावर शिवू?"

*

आणि मग हिंगणघाटची हळद. भर दुपारची वेळ. भाऊ आमच्याकडे पाठ करून जेवत होते. पल्लवीनं तेच जुनं भीमगीत लावलं, ढोलकीवरचं. त्याच्यावर दुसरं गाणं हळूहळू चढवत नेलं. नाचणाऱ्यांचा पाय कुठे अडखळला नाही.

भाऊ घास तोंडात ठेवूनच ओरडले, "टेप काढली नं? दाबलं बटन!"

 पल्लवीनं दोन्ही हात वर केले. मी वाकून पाहिलं. टेप जशीच्या तशी. टेपचा कोपरा उचलून पाहिला, खालच्या बटणाचा दिवा बंद.

"भाऊ," मी म्हणालो, "बंद हाय. आन् या गाण्यावर ते बटन चालते कुठं?"

भाऊंनी ताट खाली ठेवलं. उठून आले, स्वतः वाकून पाहिलं.  भाऊंनी हात धुतला, गळ्यातला हेडफोन काढून तिच्या गळ्यात घातला आणि माईक उचलला. गाणं थांबलं. नवरीचा बाप धावत आला, त्याला वाटलं काहीतरी जळलं.

"मंडळी," भाऊ म्हणाले, "औंदाची जयंती हे पोट्टी वाजवन. मी आज पह्यल्यांदा चुकलो. वाजवा टाळ्या!"