तांबूचं न्हाणं

पडदा वर जातो तेव्हा परळच्या एका प्रयोगशाळेची मागची पडवी दिसते. एका कोपऱ्यात पिंजरा, पिंजऱ्यात तांबू नावाचा कुत्रा आणि समोर उकिडवा बसलेला गुणाजी. मूळचा मालवणचा, वीस वर्षं इथल्या जनावरांचं खाणंपिणं पाहणारा.

छप्पन साल. क्ष-किरणांचा मारा जास्त झालेलं जनावर वाचवायचं कसं, याचा शोध डॉक्टर सरोजिनीबाई घेत होत्या. मारा झाला त्या दिवशी तांबू ओकला, गळून पडला. तिसऱ्या दिवशी मात्र भाकरीवर तुटून पडला, शेपटी हलवू लागला. "फसू नका, गुणाजी," बाईंनी बजावलं. "त्याला एकटा ठेवा."

आणि संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ पडला. गोळीबार, संचारबंदी. बाई गिरगावात अडकल्या. गुणाजी मुक्कामाला पडवीतच.

तांबू तर उड्या मारत होता! ना ताप, ना जखम. मग दुखणं राहिलं कुठं? गुणाजीच्या गावी कुणाच्या अंगावरच्या देवी उतरल्या की कडुनिंबाच्या पाण्याचं न्हाणं घालत. न्हाणं झालं की आजारी माणूस मोकळा. त्याने पाणी उकळलं, तांबूला न्हाऊ घातलं आणि अंगणात सोडलं. गल्लीतली कुत्री आत घुसली. एकाने तांबूचा कान फोडला.

बाई आल्या तेव्हा अकरावा दिवस होता. कान चिघळलेला, हिरड्यांतून रक्त, अंगात ताप.

"परवापर्यंत तर बरो होतो, बाईनू! न्हाऊक घालून अंगणात सोडलंय त्येका. मगे ह्या रक्त खंयसून इला?"

"दिसत होता बरा. आत हाडांमध्ये रक्त बनायचंच थांबलंय. साधा ओरखडाही त्याला झेपत नाही."

गुणाजीने तांबूचं हाड चाचपून पाहिलं. हाताला काही लागेना.

"म्हणजे मीया मारलंय त्येका?"

बाईंनी सुई हातात घेतली. पेनिसिलिन टोचलं, शिरेतून सलाइन लावलं, दुसऱ्या धडधाकट कुत्र्याचं रक्त चढवलं. गुणाजी पिंजऱ्यापाशी बसून चमच्याने पेज भरवत राहिला. तांबू ती ओकायचा; गुणाजी तोंड पुसून पुन्हा भरवायचा.

दीड महिना गेला. कान भरून आला. बाईंनी रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, आणि हसल्या.

"आता खरंच वाचला हो! घाला तुमचं न्हाणं."

पिंजऱ्यात तांबू उभा राहिला होता. गुणाजी दोन पावलं मागे सरला.

"नको, बाईनू. तो परत शेपटी हलयता हा."