ताईच्या खोलीचं दार

साठी उलटली तरी त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला सगळे धाकटीच म्हणत. थोरली ताई गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून तिने कुत्र्याचं पिल्लू आणलं. त्याने चपला, उशा, टेबलाचे पाय, सगळ्याचा फडशा पाडला.

"दात येताहेत त्याला, शिवाय कंटाळतंय," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. "मारू नका. चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या आणि भरपूर फिरवा."

धाकटीने जुन्या जीनच्या पट्ट्यांना पीळ घालून जाड दोर केला. पिल्लाने भलतंच काही तोंडात धरलं, की ती दोर पुढे करायची आणि त्याने तो घेतला, की पाठ थोपटायची. हळूहळू घर वाचलं. फक्त ताईच्या बंद खोलीचं दार ते कुरतडतच राहिलं.

शेवटी तिने मन घट्ट करून कडी काढली. पिल्लू थेट ताईच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेलं आणि वर बघत शेपूट हलवू लागलं. त्याने ताईला कधी पाहिलंही नव्हतं.

"कोण आहे रे?" धाकटीने हळूच विचारलं.

त्या दिवसापासून दार कुरतडणं थांबलं. धाकटी आता त्याच खोलीत शिवायला बसते. खुर्चीवर मात्र ती कधी कापड ठेवत नाही.