चुन्याची चाळीस पोती

भिकननाना गेल्याची बातमी आली तेव्हा मी कतारगामच्या छापखान्यात होते. भर दुपार होती. शाई न वाळलेल्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात होता आणि पत्रक नाना कामाला होते त्याच मिलविरुद्ध होतं. फोनवर नानांची सून मंगलावहिनी होती. "नाना हौदमा पडनात…" एवढंच म्हणाली. मी विचारलं, "फार लागलं का?" पलीकडून कुणीतरी फोन ठेवून दिला. पाच आठवडे झाले, तरी तो वेडा प्रश्न माझ्या तोंडातून जात नाही. फार लागलं का…

पांडेसऱ्यात आमच्या चाळीच्या मागची भिंत म्हणजे त्या रंगाईच्या मिलची भिंत. धुळ्याकडून आलेले आमचे शेजारी नाना तिथे रंगाच्या घाण पाण्याचे हौद सांभाळायचे. ते पाणी आंबट झालं की गंधकी रंगातून विषारी वायू निघतो, म्हणून त्यात चुना घालावा लागतो. हे मला कुठल्या शाळेत कळलं नाही, नानांकडून कळलं. त्यांच्या खिशात कागदी पट्ट्यांची छोटी वही असायची. पाण्यात पट्टी बुडवायची, लाल झाली की चुना वाढवायचा. लहानपणी त्यांनी दिलेल्या पट्ट्या मी ताकात, लिंबात, आईच्या डाळीत बुडवल्या आहेत. पुढे मी पत्रकं लिहायला लागले तेव्हा नाना चारचौघांत म्हणायचे, "जीभ दखाड माय, पट्टी लाई देखू. लालच व्हई!"

नानांनी भिंतीलगत चुन्याची चाळीस पोती कायम रचलेली असायची. आठवडाभर माल आला नाही तरी हौद चालला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण पोती उघड्यावर होती. वारा सुटला की चुना चाळीत यायचा, पोरांचे डोळे लाल व्हायचे. मी पत्रक काढलं, 'चुन्याचा ढीग हटवा!' आणि दारोदार वाटलं. नानांच्या हातातही दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. म्हणाले, "झकास शे. पन पोती जातीन कोठे, ते लिखंच नही तू." दुसऱ्या दिवशी त्याच पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीने एक खोली काढून घेऊन आले. "हे बी छाप," म्हणाले. मी म्हटलं, "नाना, खोल्या बांधणं कंपनीचं काम. आपण काय त्यांचे इंजिनीअर आहोत? आधी ढीग तर हटू दे." ते हसले आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

ढीग हटला. इतक्या पटकन हटला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. नव्या मॅनेजरला माल साठवून ठेवायचाच नव्हता. लागेल तेवढा माल रोज टेम्पोने मागवायचा, ही त्याची पद्धत. परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस बघायला येणार, त्याला आवार स्वच्छ दिसायला हवं होतं. "लो बेन, तमे जीती गया!" असं म्हणून त्याने मला चहा पाजला. आणि मी तो प्यायले.

मग ट्रकवाल्यांचा संप झाला. टेम्पो आला नाही. पहिल्या दिवशी नानांनी चुना पुरवून पुरवून घातला, दुसऱ्या दिवशी तो संपला. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी लाल झाली. ती घेऊन नाना मॅनेजरकडे गेले, मशीन थांबवा म्हणाले. मॅनेजर म्हणाला, परदेशचा माल शनिवारी बंदरावर पोचायचा आहे. मशीन चालूच राहिली. दुपारी पंपात चिंध्या अडकल्या आणि हौद काठोकाठ भरत आला. वाहिला असता तर थेट आमच्या चाळीत. चिंध्या काढायला नाना शिडीने खाली उतरले. वायूने त्यांना वर हाक मारण्याएवढाही वेळ दिला नाही.

कंपनीने लिहून दिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. निष्काळजीपणा! सबंध मिलमध्ये ज्या एका माणसाने काळजी घेतली, त्याचा!

त्यानंतर मी दोन पत्रकं काढली. मशीन का थांबवली नाही, ते विचारलं. माल आणण्याची ही कसली रीत, की एक रस्ता बंद झाला आणि माणूस मेला, तेही विचारलं. पोती कुणाच्या मागणीवरून गेली, ते मात्र एकाही पत्रकात लिहिलं नाही. सोबतचे म्हणाले, लिहू नकोस, कंपनी त्याचा फायदा घेईल. घेऊ दे. मी इथे लिहिते आहे. पोती मी हटवायला लावली. चुना चाळीत उडता कामा नये, हे खरंच होतं. हौदाजवळ चुना असायलाच हवा, हेही खरं होतं. नानांना दोन्ही माहीत होतं. मला ऐकायचं नव्हतं.

परवा मंगलावहिनीने नानांच्या खुंटीवरच्या शर्टातला तो कागद आणून दिला. आता तो माझ्या टेबलावर आहे. एका बाजूला माझी ठळक अक्षरं आणि उद्गारचिन्ह. पाठीमागे नानांची खोली. उंच जोतं, वर पत्रा, चाळीकडच्या भिंतीला एकही खिडकी नाही. आत पेन्सिलीचे चौकोन, मी मोजले, चाळीस. आणि दाराशी बाण काढून लिहिलं आहे, 'कडी उंच लावा. चुना पोरांच्या डोळ्यात जातो.'